घरपोच भाडेकरार नोंदणी: काम चोख, मसुदा मात्र नीट वाचून घ्यावा

मुलुंड पूर्वेला घर भाड्याने घेताना लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणारा, करार आम्ही घरपोच नोंदणी करून देणाऱ्या एका खासगी संस्थेकडून करून घेतला. प्रतिनिधी ठरल्या वेळी अंगठ्याचे यंत्र आणि कॅमेरा घेऊन आला, सर्वांची आधार पडताळणी विनासायास झाली आणि नोंदणीकृत दस्ताची प्रत ईमेलवर मिळाली. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि संस्थेचा मेहनताना पावतीवर वेगवेगळा दाखवला होता. या भागात नाव ठेवायला जागा नाही.

आक्षेप आहे तो मसुद्यावर. आम्हाला आधी आलेल्या मसुद्यात मालक कोणत्याही वेळी जागेत येऊन पाहणी करू शकतील असे एक कलम होते आणि त्याच्या खालीच घराची एक चावी त्यांच्याकडे राहील असे दुसरे. दोन्ही कलमे एकत्र वाचली, तर भाडेकरू घरात असो वा नसो, कुलूप उघडून आत शिरण्याची ती लेखी मुभाच ठरते. याआधीच्या घरात आम्ही हे सोसले आहे. गळती पाहायची म्हणून तिथले मालक न कळवता लॅच उघडून आत आले, तेव्हा आई दुपारची आडवी झाली होती. आवाजाने उठून ती बाहेर आली, तर ते सिंकखालचे दार उघडून वाकून पाहत होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते हे मान्य, परंतु त्यानंतर त्या घरात आईने आतून कडी घातल्याशिवाय दुपारी कधी पाठ टेकली नाही.

लिव्ह अँड लायसन्समध्ये जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, म्हणून हवे तेव्हा आत जाता येते, असा समज मुंबईत घट्ट रुजलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २८ मात्र पाहणीचा हक्क देतानाच पूर्वसूचना आणि वाजवी वेळ या दोन अटी घालते, आणि ते भाडेकरूइतकेच लायसन्सवर राहणाऱ्यालाही लागू आहे. त्यात सूचना किती तास आधी द्यावी हे सांगितलेले नाही, म्हणूनच करारातील शब्दांना महत्त्व येते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात किमान २४ तास आधी सूचना द्यावी आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी प्रवेश करू नये असे म्हटले आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही, तरी त्यातील अटी करारात उतरवायला कोणाचीच आडकाठी नाही. घरात घुसल्याची फौजदारी तक्रार करायची, तर गुन्हा करण्याचा किंवा धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि नळ पाहायला आलो होतो असे सांगणाऱ्या मालकाविरुद्ध ते सोपे नसते.

मसुदा तयार करणाऱ्या बाईंना हे फोनवर सांगितले, तेव्हा सगळ्यांचे करार असेच असतात, असे पहिले उत्तर आले. कलम २८ चा उल्लेख केल्यावर मात्र त्यांनी टाळाटाळ केली नाही, नव्या मालकांशी स्वतः बोलून त्यांची संमती घेतली आणि कलम नव्याने लिहून पाठवले. पाहणीआधी २४ तास कारणासह मेसेज, दिवसाउजेडी आणि घरातील कोणी हजर असतानाच प्रवेश. आग, गॅसगळती किंवा पाइप फुटणे एवढाच अपवाद. जादा चावी बंद पाकिटात, वर दोघांच्या सह्या, ही कल्पना तर त्या बाईंचीच, आणि ती मला फार मोलाची वाटली. या बदलाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

म्हणून या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. कापलेले गुण मूळ मसुद्यासाठी आहेत, कारण जो ग्राहक विचारणार नाही त्याच्या करारात तेच जुने कलम जाणार, आणि अकरा महिन्यांच्या करारावर घाईघाईत अंगठा देणारेच या शहरात अधिक. दस्त नोंदला गेल्यावर बदल करायचा तर वेगळा दस्त करावा लागतो. यांच्याकडे जाणाऱ्यांनी मसुदा आदल्या दिवशीच मागवून घ्यावा. मराठी प्रतही मिळते, पण ती आपणहून मागावी लागते.