बोटीच्या मोटरचा अलार्म ‘दुरुस्त’ करून देणाऱ्यांपासून सावध

पावसाळा तोंडावर आला की नदीकाठची मंडळं आणि ग्रामपंचायती रेस्क्यू बोटी बाहेर काढतात. ओबीएम (आउटबोर्ड मोटर), म्हणजे बोटीच्या मागे लावायची मोटर, बॅरलमध्ये चालवून बघतात. नेमक्या याच दिवसांत काही मिस्त्री गिऱ्हाईक शोधत फिरत असतात. त्यातल्या एकानं आमच्या मंडळाला ₹२६,५०० ला टोपी घातली. पैशाचं दुःख आहेच, पण त्यानं मोटरमध्ये जे करून ठेवलं होतं त्याचा राग जास्त आहे.

आमचं गाव पंचगंगेच्या काठचं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरानंतर वर्गणी काढून आम्ही रबरी बोट आणि ४० हॉर्सपॉवरची सेकंडहँड टू-स्ट्रोक मोटर घेतली. २०२१ ला ती मोटर चांगलीच राबली. गाळ, उसाचा पाला, जलपर्णी, सगळ्यातून ती गेली.

यंदा बॅरलमध्ये चालू केली आणि थोड्या वेळातच मोटर तापल्याचा इशारा देणारा बझर सलग वाजायला लागला. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागच्या बारीक भोकातून जी धार पडते, ती करंगळीएवढीही नव्हती. मोटर लगेच बंद केली. कोल्हापुरात दुचाकीचे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत, आउटबोर्डवाला शोधावा लागतो. एकानं नंबर दिला. मिस्त्री आला, वरचं कव्हर काढलं, हेडवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “अध्यक्ष, हेड गॅस्केट गेलंय. अशीच चालवली तर पिस्टन धरणार. काळजी करू नका, मी हाय की.” हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि सिलिंडर यांच्यामधली सीलची पट्टी. धार का बारीक आहे, हे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मोटर घेऊन गेला, काही दिवसांनी आणून दिली. “गॅस्केट, इम्पेलर, थर्मोस्टॅट, सगळं नवं टाकलंय,” असं सांगून जुनं गॅस्केटही हातात ठेवलं, पुरावा म्हणून. बॅरलमध्ये चालवून दाखवली, बझर गप्प. आमच्या खजिनदारानं तिथंच यूपीआय केलं. पावती मागितली तर कागदाच्या चिटोऱ्यावर “मोटर काम २६,५००” एवढंच.

नदीवर नेली तेव्हा बिंग फुटलं. जोरात पळवल्यावर थोड्याच वेळात तापलेल्या रंगाचा वास यायला लागला. धारेच्या जागी नुसती वाफ, आणि बझर तरीही चिडीचूप. मोटर बंद करून वल्ही मारत काठाला आलो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा आमचा एक दोस्त आहे. त्यानं कव्हर उघडलं आणि सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारली, “चावी फिरवल्यावर टीं वाजायचं ते वाजतं का रे?” आमच्या मोटरचा बझर चावी ऑन केल्यावर क्षणभर वाजून स्वतःची हजेरी द्यायचा. आता ती हजेरी बंद होती. बझरची वायर कनेक्टरमधून उपसून, टोकाला काळी टेप गुंडाळून, वायरींच्या जुडग्यामागं दडपून ठेवली होती. टेप नवी कोरी, आजूबाजूच्या सगळ्या वायरींवर जुनं तेल आणि धूळ.

मग त्यानं हेडचे बोल्ट दाखवले. कंपनीचा रंग बोल्टच्या डोक्यावरून खाली हेडवर सलग उतरलेला, कुठं चीरही नाही. पाना लागला की बोल्टच्या कडांवरचा रंग उडतोच. म्हणजे हेड कधी उघडलंच नव्हतं. आणि ते ‘पुराव्याचं’ गॅस्केट? त्याला सिलिंडरची भोकं तीन, आमची मोटर दोन सिलिंडरची! इतका निर्लज्जपणा करायलाही कष्ट लागतात, पण या गड्यानं तेवढेही घेतले नाहीत.

खालचा गिअरचा भाग उतरवून पाण्याचा पंप उघडला. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ओढणारं रबरी चक्र, जुनाच. रबराच्या पात्या एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या, एक पाती मुळाशी चिरलेली. पुराचं गाळाचं पाणी ओढून रबर झिजतं आणि मोटर नुसती पडून राहिली तरी पात्या वाकलेल्या अवस्थेतच आखडतात. नवा इम्पेलर अडीच हजारात आला. धारेच्या भोकातला गाळ बारीक तारेनं काढला, थर्मोस्टॅट साफ केला. बझर जोडला. मोटर आता दणकून पाणी मारते.

दोस्तानं शिकवलेली तपासणी सांगतो, कारण मिस्त्रीसमोर ती केली असती तर तो तिथंच उघडा पडला असता. बहुतेक जुन्या टू-स्ट्रोकमध्ये हेडवर तापमानाचा स्विच असतो. त्याची वायर यामाहात गुलाबी, जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये फिकट तपकिरी. हेड तापलं की हा स्विच ती वायर बॉडीला अर्थ करतो आणि बझर वाजतो. इंजिन बंद, चावी ऑन, स्विचची वायर सोडवून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायची. बझर ओरडलाच पाहिजे. नाही ओरडला तर बझर मेलाय, वायर तुटलीय, नाहीतर कुणीतरी मुद्दाम काढलीय. उलट, वायर सोडवूनही बझर वाजतच राहिला तर वायर कुठंतरी घासून बॉडीला लागलीय, किंवा ऑइलची टाकी वेगळी असलेल्या मोटरमध्ये ऑइल कमी झालंय. ऑइलचा इशारा बऱ्याच मॉडेलमध्ये थांबून-थांबून वाजतो आणि तापल्याचा सलग, पण ते आपापल्या मोटरच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. बॅरलमधल्या ट्रायलवर कधीच भागवू नका. तिथं मोटरवर लोड नसतो, त्यामुळं आजारी मोटरही थोडा वेळ गुण्यागोविंदानं चालते. नदीवर पळवून मगच पैसे.

मिस्त्रीला फोन केला तर म्हणतो, “वायर तुमच्याच पोरांनी काढली असंल.” नंतर फोन उचलणंच बंद. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. तिथं पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. यूपीआयची नोंद, चिटोरं, तीन भोकांचं गॅस्केट आणि त्या टेपचे फोटो फाइलला लावलेत. हेडचे बोल्ट मात्र तसेच ठेवलेत. निकाल लागेपर्यंत त्यांना पाना लावायचा नाही, असं मंडळाच्या बैठकीत ठरलंय.