इंग्रजीसाठी बदली शिक्षक: नाशिकमधील सात महिन्यांचा अनुभव

इंदिरानगरमध्ये मी नववी-दहावीचा एक छोटा शिकवणी वर्ग चालवते. गणित आणि विज्ञान मी स्वतः शिकवते, तर इंग्रजी गेली सहा वर्षे एकच मॅडम शिकवत आहेत. २०२४च्या जुलैमध्ये त्या प्रसूती रजेवर गेल्या. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २६ आठवड्यांची पगारी रजा देणे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे शिकवणारे चौघेच असल्यामुळे तो नियम आम्हाला लागू होत नव्हता, तरीही रजा तेवढीच द्यायची असे मी आधीच ठरवले होते. त्यामुळे जुलै ते जानेवारी, म्हणजे दहावीचे जवळजवळ संपूर्ण वर्ष, इंग्रजी बदली शिक्षकांच्या हाती राहणार होते. त्या सात महिन्यांत तीन शिक्षक आले. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ओळखीतल्या दोन शिक्षकांनी शाळा सुटल्यावर संध्याकाळी येण्याची तयारी दाखवली होती. दोघेही उत्तम शिकवतात, परंतु शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. ‘सगळेच घेतात’ हे उत्तर मला पटण्यासारखे नव्हते, म्हणून दोघांनाही मी नम्रपणे नकार दिला. सेवेत असलेल्या शिक्षकाच्या भरवशावर पूर्ण वर्षाचे नियोजन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर शिक्षक मिळवून देणाऱ्या एका संस्थेकडे नाव नोंदवले. नोंदणीचे दोन हजार रुपये, शिक्षकाचे मानधन तासाला चारशे रुपये, आणि तीन महिन्यांच्या आत शिक्षक सोडून गेल्यास विनाशुल्क दुसरा देण्याची लेखी हमी, असे त्यांचे स्वरूप होते. आठवड्याभरात एक सर आले. त्यांचे शिक्षण परराज्यात झालेले होते, उच्चार अतिशय स्वच्छ होते आणि इंग्रजी ऐकत राहावे असे होते. प्रात्यक्षिक तासाला मागच्या बाकावर दोन पालकही बसले होते आणि तिघांनाही ते एकमताने पसंत पडले. मी नेमके इथेच चुकले. आम्ही सरांचे इंग्रजी ऐकले, परंतु मुलांच्या इंग्रजीकडे ते कसे पाहतात हे तपासले नाही.

ऑगस्टच्या अखेरीस मी दहावीच्या वह्या सहज चाळायला घेतल्या. एका मुलीने नगरसेवकांना पाणीटंचाईविषयी पत्र लिहिले होते आणि त्यात ‘आय वॉन्ट टू डिस्कस अबाउट द वॉटर प्रॉब्लेम’ असे वाक्य होते; ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही. सरांनी ते लाल शाईने पूर्ण खोडून वर स्वतःचे सुरेख वाक्य लिहिले होते. तिच्या पत्रातल्या नऊ वाक्यांपैकी सात वाक्ये अशी सरांची झाली होती, आणि खाली तिने ते संपूर्ण पत्र सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. पुढच्या पानावर दुसऱ्याच विषयावरचे पत्र होते आणि त्यात पुन्हा ‘डिस्कस अबाउट’ होते.

आमच्या मूळ मॅडम चुकीच्या शब्दाखाली पेन्सिलने फक्त रेघ ओढतात आणि समासात एक खूण करतात. काळ चुकला असेल तर एक खूण, शब्दयोगी अव्यय चुकले असेल तर दुसरी, ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ राहिले असेल तर तिसरी. दुरुस्ती मुलांनी स्वतः शोधायची असते आणि चौथ्या वेळी तीच चूक दिसली तर मॅडम त्या मुलाला जवळ बोलावून विचारतात की हे वाक्य तुझ्या मनात मराठीत कसे आले होते. या एका प्रश्नाचे मोल मला त्या वह्या पाहिल्यावर कळले. आपण मराठीत ‘पाण्याविषयी चर्चा’ करतो, म्हणून ‘विषयी’साठी मूल ‘अबाउट’ शोधते. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातले ‘आहेत’ मनात घोळत असते, म्हणून ‘आय अॅम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ होते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गाळली तरी मुलाच्या कानाला काही खटकत नाही. ज्या शिक्षकाला मराठी येते त्याला चुकीचे मूळ दिसते, आणि ज्याला येत नाही त्याला फक्त चूक दिसते. यात सरांचा दोष नव्हता. त्यांना कोणत्या घरांतली मुले शिकवायची आहेत याचा विचार आम्हीच करायला हवा होता.

दुसरी अडचण मंडळाची. आमच्याकडे सेमी-इंग्रजीची आणि सीबीएसईची मुले एकत्र आहेत. दोन्हीकडे लेखी परीक्षा ऐंशी गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन वीस गुणांचे असले, तरी प्रश्नांचे स्वरूप वेगळे आहे. सीबीएसईच्या दहावीला वाचन वीस, व्याकरण आणि लेखन वीस, साहित्य चाळीस अशी वाटणी असते आणि लेखनात औपचारिक पत्राबरोबर दिलेल्या तक्त्यावर किंवा आलेखावर विश्लेषणात्मक परिच्छेद लिहावा लागतो. राज्य मंडळाच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत शब्द, वाक्ये आणि म्हण यांच्या भाषांतराचा पाच गुणांचा प्रश्न असतो. मराठी न येणारा शिक्षक हा प्रश्न तपासणार तरी कसा? ही साधी गोष्ट मला दोन महिन्यांनी सुचली याची खंत वाटते.

सप्टेंबरमध्ये सरांना पुण्यात पूर्णवेळ नोकरी मिळाली आणि चार दिवसांच्या सूचनेवर ते गेले. संस्थेला हमीची आठवण करून दिल्यावर दुसरा शिक्षक मिळायला तेवीस दिवस लागले. त्या काळात मी स्वतः व्याकरणाचे तास घेतले. नवीन आलेली एम. ए. करणारी मुलगी मनापासून शिकवत असे आणि मुले तिच्याशी लगेच मोकळी झाली, परंतु नोव्हेंबरमध्ये तिच्याच सत्र परीक्षा होत्या आणि ते तिने पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितले होते. संस्थेने तेच आम्हाला आधी सांगायला हवे होते. हमीत शिक्षक देण्याचा शब्द होता, किती दिवसांत आणि किती काळासाठी याचा उल्लेख नव्हता. अशा कागदावर सही करण्यापूर्वी या दोन गोष्टी लिहून घ्याव्यात.

तिसऱ्या शिक्षिका मला संस्थेकडून मिळाल्या नाहीत. एका विद्यार्थ्याच्या आजी नाशिकरोडला राहतात आणि त्यांच्या शेजारी मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या एक मॅडम राहतात, असे बोलता बोलता कळले. या वेळी मी प्रात्यक्षिक तास ठेवलाच नाही. तीन मुलांच्या न तपासलेल्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या, एक हुशार मुलाची, एक मध्यम आणि एक अगदी मागे पडलेल्या मुलाची, आणि ‘मॅडम, या तपासून द्याल का’ एवढेच विचारले. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिली पंधरा मिनिटे हातात पेन न घेता तिन्ही वह्या नुसत्या वाचल्या. मग मागे पडलेल्या मुलाची वही पुढे घेऊन म्हणाल्या, “याला काळ येतात. पण वाक्य लांबलं की कर्ता विसरतो. याला आधी छोटी वाक्यं लिहू द्या.” आमच्या मूळ मॅडमनी जूनमध्ये त्या मुलाविषयी जवळजवळ हेच सांगितले होते. मी तिथल्या तिथे त्यांना वर्ग घेण्याची विनंती केली. बदली शिक्षकाची पारख करायची असेल तर याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही, आणि तिला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला मात्र मी त्यांच्याकडूनही मागितला. वयाकडे पाहून संकोच वाटला होता, परंतु मुलांच्या बाबतीत हा नियम सर्वांना सारखाच हवा आणि त्यांनाही तो रास्त वाटला.

दुसरे महत्त्वाचे काम म्हणजे सूत्रे सोपवणे, जे मी जुलैमध्ये केलेच नव्हते. मूळ मॅडमचे बाळ तोवर तीन महिन्यांचे झाले होते. त्यांनी स्वतःहून एका दुपारी नव्या मॅडमना फोन केला आणि प्रत्येक मुलाविषयी दोन-दोन वाक्ये सांगितली. कोणाला मोठ्याने वाचायला लाज वाटते, कोण पाठांतरावर निभावून नेतो, कोणाच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, हे सारे नव्या मॅडमनी दोनशे पानी वहीत टिपून घेतले. समासातल्या खुणाही त्यांनी जशाच्या तशा स्वीकारल्या. इतक्या वर्षांची स्वतःची पद्धत बाजूला ठेवून दुसऱ्याच्या खुणा वापरणे सोपे नसते आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. दोन आठवड्यांत मुलांच्या वह्या पुन्हा पूर्वीसारख्या दिसू लागल्या.

उणिवाही लिहायला हव्यात. सीबीएसईचा विश्लेषणात्मक परिच्छेद नव्या मॅडमसाठीही नवा होता. त्यांनी तो जुन्या प्रश्नपत्रिकांवरून स्वतः शिकून घेतला, तरी त्या सात मुलांचा सराव इतरांपेक्षा कमी झाला हे खरे आहे. कवितेच्या रसग्रहणात शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना असा ठरलेला साचा असतो, आणि त्या तो तयार मजकूर लिहून देत असत. गुणांसाठी ते चालते. परंतु कविता मुलांनी आधी ऐकावी, तिच्यावर काही बोलावे, मग लिहावे असे मला वाटते, आणि या मुद्द्यावर आमचे एकमत झाले नाही. नाशिकरोडहून सिटीलिंक बसने येताना संध्याकाळी द्वारका चौकातल्या कोंडीमुळे उशीर होई, म्हणून आम्ही वर्गाची वेळ साडेपाचवरून सहावर नेली. मानधन तासाला पाचशे रुपये ठरले, म्हणजे संस्थेपेक्षा शंभराने अधिक, आणि ते मला जराही जास्त वाटले नाही.

२०२५ची राज्य मंडळाची दहावीची परीक्षा नेहमीपेक्षा लवकर, २१ फेब्रुवारीपासून सुरू झाली. त्यामुळे मूळ मॅडम जानेवारीच्या अखेरीस परतल्या तेव्हा हाताशी चार आठवडेही नव्हते. पहिल्या दिवशी दोन्ही मॅडम वर्गात एकत्र बसल्या. दोनशे पानी वही परत देताना नव्या मॅडमनी त्यात प्रत्येक मुलापुढे आणखी दोन वाक्ये लिहिलेली होती. पाणीटंचाईच्या पत्राच्या मुलीपुढे लिहिले होते, “डिस्कसपुढचं अबाउट गेलं. आता रिक्वेस्टपुढे फॉर लावते, तेवढं बघा.”

यंदाच्या नववीसाठी मी नव्या मॅडमना दर शनिवारी यायची विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.