छोटा फोटो प्रिंटर: आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, हा काही लॅबच्या तोडीचा मोठा प्रिंटर नाहीये. हा तो डब्याएवढा छोटा घरगुती फोटो प्रिंटर, डाय-सब्लिमेशन म्हणतात तो प्रकार, ज्यातून पोस्टकार्डाएवढा म्हणजे साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचा फोटो निघतो आणि बाकी काही निघत नाही, डॉक्युमेंट-बिक्युमेंट विसरा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मी मैत्रिणीकडचा दुसऱ्या कंपनीचाही वापरून पाहिलाय आणि दोघांचे गुण-अवगुण सख्ख्या बहिणींसारखे आहेत, तेव्हा जे लिहितेय ते ह्या जातीच्या प्रिंटरबद्दल समजा.

घेतला का, ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. मी बरीच वर्षं फोटो काढते, पोटापाण्यासाठी नाही, हौस म्हणून, पण हौस जरा जास्तच आहे. मला सूर्यास्त आणि फुलं फारशी जमत नाहीत, मला कामात बुडालेली माणसं लागतात. एक घड्याळ दुरुस्त करणारे काका आहेत, डोळ्यात भिंग अडकवून चिमट्याने केसाएवढा स्क्रू उचलतात तेव्हा श्वाससुद्धा धरून ठेवतात, तो धरलेला श्वास फोटोत यावा म्हणून मी त्यांच्याकडे किती वेळा गेले असेन देव जाणे. फोटो आला एकदाचा. इन्स्टावर टाकला, भरपूर बदाम मिळाले, लोकांनी कॉमेंटमध्ये 'अप्रतिम', 'काय टिपलंय' वगैरे लिहिलं, मी आठवडाभर हवेत. आणि पुढच्या वेळी काका म्हणाले, "पोरी, दर वेळी काढून नेतेस, आणून एकदाही दाखवला नाहीस." त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. म्हणजे जगाने बघितला, फक्त ज्यांचा फोटो त्यांनीच नाही बघितला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा मला ती मायग्रंट मदरची गोष्ट आठवली. डोरोथिया लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत काढलेला तो फोटो, हनुवटीला हात लावून बसलेली आई आणि खांद्याशी तोंड लपवलेली पोरं, तुम्ही शंभर टक्के कुठे ना कुठे पाहिलेला असणार. लँग सरकारी कामावर होती, फोटो पेपरात छापून आल्यावर छावणीला अन्नाची मदत पोचली, सगळं खरं. पण त्या बाईचं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसनचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, म्हणजे चाळीसेक वर्षांनी, आणि तिची तक्रार काय होती तर लँगने नाव विचारलं नाही, आणि एक प्रत पाठवते म्हणाली होती ती कधी आलीच नाही. इतक्या गाजलेल्या फोटोबद्दल त्यातल्या बाईच्या मनात राहिलं ते हे. माझे फोटो त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत, पण प्रत न देण्याच्या बाबतीत मी थेट त्याच रांगेत उभी होते.

लॅबमधून प्रिंट काढता येतातच की, मग प्रिंटर कशाला? येतात, आणि एका प्रिंटमागे लॅबच स्वस्त पडते, हे मान्य. पण लॅबला जायचं म्हणजे वीस-पंचवीस फोटो साठेपर्यंत थांबायचं, मग ते राहून जातं, मग माणूस म्हणतो जाऊ दे. मी माझ्या आळसाला ओळखते, म्हणून प्रिंटर घेतला.

आता मशीनबद्दल. ह्यात शाई नसते, एक रिबन असते, त्यावर पिवळा, मजेंटा आणि निळसर सायन असे रंगांचे पट्टे आणि शेवटी एक पारदर्शक थर. कागद चार वेळा आत-बाहेर करतो, दर वेळी एक पट्टा. हीटर रिबन तापवतो, रंगाची वाफ होऊन ती कागदाच्या थरात मुरते, कुठे किती तापवायचं त्यावर रंग गडद की फिका ते ठरतं. म्हणूनच भिंगातून पाहिलं तरी इंकजेटसारखे ठिपके दिसत नाहीत (काकांचं त्यांच्या भिंगातून तपासून झालंय). आधी नुसती पिवळी भुतं दिसतात, मग त्यांना ताप आल्यासारखा लाल रंग चढतो, मग सायन आला की एकदम माणूस उभा राहतो. मिनिटभराचा खेळ आहे पण माझं अजून मन भरलेलं नाही, दर वेळी काम सोडून बघत बसते. चौथ्या फेरीत तो पारदर्शक थर चढतो, त्यामुळे पाण्याचा थेंब पडला तरी पुसून टाकला की फोटोला काही होत नाही.

पहिल्याच दिवशी मी एक माती खाल्ली. पिवळी फेरी झाल्यावर कागद बाहेर आला, मला वाटलं बिघडला, म्हणून धरून ओढला. कर्रर्र आवाज आला, प्रिंट वाया, रिबनचा तेवढा तुकडा वाया, आणि प्रिंटर लाल दिवा लावून रुसून बसला. तर कागद मध्येच बाहेर येतो तो परत आत जाण्यासाठी, हात लावायचा नाही. आणि प्रिंटरच्या मागेही हातभर जागा सोडा, कागद मागूनही डोकावतो, भिंतीला चिकटवून ठेवलात तर आदळतो आणि रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत.

त्रास देणारी गोष्ट नंबर एक, क्रॉप. मोबाईलच्या फोटोच्या लांबी-रुंदीचं प्रमाण बहुतेक वेळा ४:३ असतं आणि ह्या कागदाचं ३:२ च्या जवळचं, त्यामुळे बॉर्डरलेस काढला की फोटोचा साधारण नववा हिस्सा उडतो, आणि प्रिंटर स्वतःहून वरून-खालून कापतो, विचारत नाही. काकांच्या पहिल्या प्रिंटमध्ये चिमट्याचं टोक गेलं. म्हणजे ज्या स्क्रूसाठी मी इतके हेलपाटे घातले तो स्क्रूच गायब! मला घरी कळलंसुद्धा नाही, चेहरा छान आलाय म्हणून मी खुशीत. काकांनी प्रिंट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, भिंग लावलं आणि म्हणाले, "छान आहे गं. पण मी काय करतोय तेच नाही ह्यात." आठ महिन्यांत माझ्या फोटोग्राफीवर ह्याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. घरी येऊन पांढरी बॉर्डर ठेवून पुन्हा काढला, अख्खा. तेव्हापासून मी बॉर्डरवालाच काढते, बॉर्डरलेस दिसायला झकास असतो पण भरवसा नाही.

दुसरी गोष्ट, प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येतो. ह्यात प्रिंटरचा दोष नाही, मोबाईलच्या स्क्रीनला आतून उजेड असतो, कागदाला खोलीतला उजेड मिळेल तेवढाच. मी ब्राइटनेस थोडा चढवून काढते, सावलीतले चेहरे जरा जास्त उजळते. ब्लॅक अँड व्हाइटचं मात्र सांभाळून, वेगळा काळा रंग नसतोच, तीन रंग मिसळून काळा बनतो, त्यामुळे कधी किंचित हिरवट झाक येते, कधी जांभळट. मला ब्लॅक अँड व्हाइट फार प्रिय, तेव्हा ह्याबद्दल एक अख्खा स्टार कापला. रिझोल्यूशनची चिंता करू नका, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, ह्या साइजला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे २० लाखांच्या थोडे वर, कुठलाही आजचा मोबाईल त्याच्या कितीतरी पट देतो. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून आलेला फोटो देऊ नका, त्याचे चौकोन दिसतात.

धुळीचं पण आहे. कागद ठेवताना चकचकीत बाजूला बोट लागलं की तिथे रंग बसत नाही, एक कण गेला तरी पांढरा ठिपका किंवा लांबलचक रेघ. कागद कडेला धरा, ट्रे वापरून झाला की झाकून ठेवा, पाकीट उघडं टाकू नका. आणि प्रिंट मऊ पीव्हीसीच्या पिशवीच्या अल्बममध्ये घालू नका, त्या प्लास्टिकमुळे हळूहळू रंग खराब होतात. उन्हातही नको.

अ‍ॅपबद्दल दोनच शब्द: अकाउंट कशाला? फोटो छापायला माझी जन्मतारीख कशाला लागते? मी आता मेमरी कार्ड सरळ प्रिंटरला लावते आणि अ‍ॅप काढून टाकलंय.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही म्हणून ठळक लिहायला हवी. वापरलेली रिबन फेकण्याआधी उलगडून बघा. जेवढा रंग फोटोला गेला तेवढा रिबनवरून कमी झालेला असतो, त्यामुळे प्रत्येक फोटोचं निगेटिव्हसारखं चित्र तिथे जसंच्या तसं राहतं, चेहरा ओळखू येतो. लोकांनी विश्वासाने काढू दिलेले फोटो असे कचऱ्यात जाणं मला पटत नाही, मी कात्रीने बारीक तुकडे करते. रिबन पुन्हा वापरता येत नाही, फोटोत नुसतं पांढरं आभाळ असलं तरी पट्टे पूर्ण सरकतात, तेवढा कचरा होतोच, हे मनाला लागतं.

पण ह्याच रिबनने मला शिस्त लावली. पाकिटात जेवढे कागद तेवढीच रिबन, मोजून. स्क्रीनवर मी चाळीसचे चाळीस फोटो ठेवायचे, एकही पुसवत नव्हता. आता चाळीसातून एक निवडायचा, तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि तो माझ्यादेखत बघणार! त्या विचाराने निम्मे फोटो आपोआप गळतात. नुसते 'भारी' दिसणारे, तिरका उजेड आणि धूर वगैरेवाले, तेच आधी गळतात, कारण माणसाला देताना कळतं की ह्यात तो कुठेच नाहीये, फक्त माझी हुशारी आहे.

आणि सगळं गोड-गोडच होतं असंही नाही. शेजारच्या एका आजींचा मी खिडकीपाशी सुई ओवतानाचा फोटो काढला होता, सुरकुत्यांवर उजेड, डोळे बारीक केलेले, माझ्या मते वर्षातला सगळ्यात अर्थपूर्ण फोटो. आजींनी बघितला आणि म्हणाल्या, "अगंबाई, एवढी थेरडी दिसते मी?" आणि उलटा करून टेबलावर ठेवला. मी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनीच कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर चाळून दुसरा निवडला, सुई हातातून सुटली तेव्हा स्वतःवरच हसतानाचा, जरा हललेला, मी बादच केला होता तो. तो छापून दिला. मी इन्स्टावर सुईवाला टाकू का विचारलं तर नको म्हणाल्या. नाही टाकला. आधी मी विचारलंच नसतं, टाकून मोकळी झाले असते. हातात प्रिंट देताना विचारणं आपोआप होतं, समोर माणूस असतो ना.

घ्यावा का? तुम्ही माणसांचे फोटो काढत असाल आणि ती माणसं पुन्हा भेटणार असतील तर डोळे झाकून घ्या. डोंगरदऱ्या काढत असाल, मोठे प्रिंट भिंतीवर हवे असतील, तर हा तुमच्या कामाचा नाही, लॅब बरी. वर्षातून दोनदाच प्रिंट लागत असतील तरीही लॅबच, फक्त ह्याची रिबन इंकजेटच्या शाईसारखी पडून वाळत नाही, ते एक बरं आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एक स्टार ब्लॅक अँड व्हाइटचा गेला, अर्धा त्या अ‍ॅपचा.

हो, प्रिंटच्या मागे नाव आणि तारीख लिहायची असेल तर बॉलपेन घ्या, माझं जेल पेन पुसलं गेलं. काकांच्या प्रिंटवर मी तारीख टाकून दिली होती. तो त्यांनी काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, पण तोंड गिऱ्हाइकाकडे नाही, स्वतःकडे करून. बाजूला तो पहिला, चिमटा कापलेलाही ठेवलाय. तो काढून टाका म्हटलं तर म्हणाले, "राहू दे, ह्यात केस नीट आलेत."