माकडतोंड्या ड्रॅक्युला की भगवी मॅस्डेव्हालिया?

सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागात राहत असाल, तर इथलं धुकं आणि नळाचं मऊ पाणी या दोन्ही ऑर्किडना मानवतं. (पुण्या-ठाण्याच्या मंडळींना मात्र हात जोडून सांगतो, दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. एप्रिल काढणार नाहीत.) १९७८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लाइल लुएर यांनी ड्रॅक्युलांची वेगळी प्रजाती (जीनस) केली, तोवर त्या मॅस्डेव्हालियातच मोडायच्या. त्यामुळे निगाही बरीचशी सारखीच: पाणी साठवायला कंद नाहीत, मुळं सुकू द्यायची नाहीत.

ड्रॅक्युला सिमियाचा मोह मी समजू शकतो. आग्नेय एक्वादोरच्या धुक्याच्या जंगलातलं फूल, मधोमध हुबेहूब माकडाचं तोंड, वास पिकल्या संत्र्याचा. दांडा मात्र खाली घुसतो. साध्या कुंडीत कळी आतच अडकून कुजते, म्हणून जाळीची टोपली टांगावी लागते. तेवढं चालवून घेतलं असतं. पण हवा कोरडी पडली की फूल मान टाकतं. घरात हिटर लागला (सनसेटमध्ये तो जुलैतही लागतो, लाजायचं कशाला) की सकाळचं टवटवीत माकड दुपारी ओळखू येत नाही: कडा आत वळलेल्या, पाकळ्यांच्या लांब शेपट्या पिळवटलेल्या. पाणी फवारलं तर कधी सावरतं, कधी नाही. पाहुणे यायच्या दिवशी तर हमखास नाही! मला वैताग आला तो याचाच. घरात दमट काचपेटी असेल, तर माझी तक्रार सरळ बाद धरा.

मॅस्डेव्हालिया व्हिचियाना पेरूची. माचू पिक्चूच्या परिसरात खडकांच्या फटींत, गवतात, उन्हावाऱ्यात वाढते. तिकडे तिला वाकान्की म्हणतात. दांडा ताठ, पानांच्या वर, त्यामुळे साधी कुंडी पुरते. भगव्या फुलावर बारीक जांभळी लव असते. तिरप्या उन्हात कुंडी जराशी फिरवली की भगव्यातून जांभळा सरकत जातो. वासाबिसाच्या नावाने शून्य, आणि माकडासारखी गंमतही नाही. पण माझ्याकडे तरी हिटरच्या दिवसांत ती तग धरून राहिली. रात्रीचा गारवा तेवढा हवा, म्हणून जागा खिडकीशी.

सॅन होजेकडे उन्हाळा तापतो. तिथल्यांनी शुद्ध व्हिचियानाऐवजी तिचा स्ट्रोबेली या दुसऱ्या मॅस्डेव्हालियाशी झालेला संकर, ‘एंजल फ्रॉस्ट’, आधी पाहावा. आणि ड्रॅक्युलाची हौस भागवायला गोल्डन गेट पार्कातलं काचघर, कॉन्झर्व्हेटरी ऑफ फ्लॉवर्स, आहेच. तिथला संग्रह मोठा आहे, आणि दमट हवेची काळजी त्यांची.