हेवी लायसन : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव आणि त्या १५ तासांचा हिशोब

मागच्या मंगळवारी रात्री इंदूर रस्त्यावरचा बिजासन घाट उतरताना ट्रकच्या डाव्या बाजूच्या मागच्या ब्रेक ड्रममधून धूर निघाला, म्हणून आज लिहायला बसलो, नाहीतर लिहू लिहू म्हणता चार महिने गेले होते. हेवी लायसन म्हणजे ट्रकसारख्या जड गाडीचं. त्याच्या कागदपत्रांवर वेळ घालवत नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं, एक वर्ष जुनं एलएमव्ही (कारसारख्या हलक्या गाडीचं) लायसन पाहिजे, डॉक्टरचा फॉर्म १ए, लर्निंग, ३० दिवसांनी टेस्ट आणि कोर्स पूर्ण केल्याचा ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५. सरकारी फीचं काहीच ओझं नाही भो, लर्निंगचे १५०, टेस्टचे ३००, जुन्या लायसनवर नवीन वर्ग चढवायचे ५०० असं सगळं मिळून हजार-बाराशेच्या आसपास जातं. खरा पैसा जातो तो स्कूलला. माझे ११,५०० गेले आणि माझं सगळं म्हणणं त्या ११,५०० बद्दलच आहे.

माझं वय ३७. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात ११ वर्षं काढली, आधी मशीनवर, मग शिफ्ट सुपरवायझर, हातात १६,५०० यायचे आणि ते वाढायचं काही लक्षण नव्हतं. मोठी मुलगी सातवीत. आमच्या गल्लीतले दोघं जण ट्रकवर आहेत, त्यांची घरं माझ्या डोळ्यासमोर बांधून झाली. बायकोशी महिनाभर बोलणं झालं, मग २०२५ च्या फेब्रुवारीत लर्निंग काढलं आणि स्कूलला नाव घातलं. स्कूलचं नाव लिहीत नाही.

कारखान्यात मशीन किती मिनिटं बंद होतं ते लिहायची मला सवय, त्यामुळे स्कूललाही पहिल्या दिवसापासून वही ठेवली. किती वाजता स्टेअरिंग हातात आलं, किती वाजता सुटलं, सगळं लिहिलं. नियमात ट्रान्सपोर्ट गाडीसाठी किमान ३० दिवसांचा कोर्स आणि त्यात किमान १५ तास प्रत्यक्ष गाडी चालवणं आहे. माझ्या वहीत महिनाअखेर बेरीज आली ४ तास ४० मिनिटं. त्यातले ३ तास १० मिनिटं मैदानात रिव्हर्स आणि दीड तास रस्ता, तोही रिकाम्या गाडीने, सकाळी सहाला, सपाटीवर. एका गाडीवर आम्ही सात जण, बाकीचा वेळ मागे फाळक्याला टेकून दुसऱ्याचं बघायचं. १५ तासांच्या हिशोबाने तासाला ७६७ रुपये होतात, ४ तास ४० मिनिटांच्या हिशोबाने जवळपास २,४६० होतात. २,४६० रुपये तास! कारखान्यात तेवढ्यासाठी मी साडेचार दिवस उभा राहायचो.

आणि आता मुख्य गोष्ट. स्कूलमध्ये फॉर्म १५ नावाचं एक रजिस्टर असतं, कोणत्या तारखेला किती वाजेपासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली ते त्यात लिहायचं, शिकवणाऱ्याची सही, शिकणाऱ्याची सही. हे रजिस्टर मला महिनाभर दिसलंच नाही. टेस्टच्या दोन दिवस आधी ऑफिसात बोलावलं, तारखा आणि तास आधीच भरलेले, बेरीज बरोबर १५, पोरगा बोट ठेवत गेला आणि मी सह्या करत गेलो. वही माझ्या शर्टाच्या खिशात होती त्या वेळी. टेस्ट हातची जाईल या भीतीने बोललो नाही. या सह्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण पुढे भांडायला गेलो तेव्हा त्यांनी तेच पान माझ्यासमोर उघडून ठेवलं.

टेस्ट पास झालो, एप्रिलमध्ये लायसन हातात आलं. ट्रान्सपोर्टची मुदत ५ वर्षं असते, २०१९ च्या दुरुस्तीआधी ३ होती, म्हणजे तेवढी दगदग कमी झाली. पण नवीन हेवी लायसनवाल्याला कोणी मालक गाडी देत नाही हे लक्षात ठेवा. दोन महिने मी ९,००० आणि खुराकीवर (जेवणाच्या भत्त्यावर) सेकंड ड्रायव्हर म्हणून होतो, म्हणजे खरं तर क्लीनरचंच काम, ताडपत्री बांधायची, रस्सा ओढायचा, दर थांब्याला टायरवर हातोडी मारून आवाज ऐकायचा. माझे उस्ताद पारोळ्याकडचे, वय साठीच्या जवळ, अहिराणीशिवाय बोलत नाहीत. त्यांनी मला जे शिकवलं त्याचा एक रुपया घेतला नाही.

इथपर्यंत तुम्हाला वाटेल की मी स्कूलला पूर्ण बाद करतोय. जूनपर्यंत मी तेच लिहिणार होतो. पण जुलैत सावद्याजवळ एका बागेत केळी भरायला गेलो, पाऊस पडून गेलेला, काळ्या मातीचा गाडरस्ता, एका बाजूला चारी आणि दुसऱ्या बाजूला ठिबकच्या नळ्यांचे गुंडाळे, गाडी वळवायला जागाच नाही. पावणेदोनशे-दोनशे मीटर रिव्हर्समध्येच आत न्यायची होती. उस्ताद खाली उतरले आणि म्हणाले, आरसामा देख, मन्हाकडे देखू नको. आणि मला ते जमलं भो! मैदानात विटा मांडून त्या म्हाताऱ्या शिकवणाऱ्याने डावा आरसा, उजवा आरसा, शेपटी कुठे जाते ते बघ म्हणत जे घोटून घेतलं होतं ते सगळं हातात उतरलं होतं. तेव्हा वाटायचं हा माणूस डिझेल वाचवायला आम्हाला मैदानातच फिरवतो, आणि कदाचित तसंच असेलही, पण ते ३ तास १० मिनिटं माझी वसूल झाली. शिकवणाऱ्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार बाकीच्या तासांची आहे.

कारण त्या बाकीच्या तासांत घाट होता. असायला पाहिजे होता. स्कूलची गाडी जुनी सहाचाकी, तिला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) नव्हताच, आणि माल भरलेली गाडी उतारावर कशी वागते हे तोंडीसुद्धा कोणी सांगितलं नाही. आपण खान्देशातले ड्रायव्हर जायचं कुठेही असो, सुरतेकडे निघालो की कोंडाईबारी, इंदूरकडे निघालो की बिजासन. म्हणजे गाडी घाटात घालायचीच आहे, आणि शिकवणी मात्र मैदानात.

मंगळवारी इंदूरकडून सोयाबीनची ढेप भरून येत होतो, दहाचाकी, २८.५ टन पासिंग (गाडी आणि माल मिळून), काट्यावर वजन बरोबर. सेंधवा सोडलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन. उस्ताद मागे बर्थवर झोपलेले. आता या मार्गावर मी पाच-सहा फेऱ्या केलेल्या, पण घाट नेहमी उस्ताद उतरवायचे, त्या रात्री त्यांना ताप होता म्हणून मी उठवलं नाही. उतार लागला तेव्हा गाडी पाचव्यात होती. वेग वाढला की ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, असं मी करत गेलो. दोन वळणांनंतर पायाखाली ब्रेक खोल जातोय असं वाटायला लागलं, ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्या हवेच्या प्रेशरचा काटा खाली येताना दिसला, आणि केबिनमध्ये जळका वास आला. त्या वासानेच उस्ताद उठले. ओरडले नाहीत. पुढे वाकून एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं आणि म्हणाले, एकदाव दमदार दाब, तिसरा टाक, मंग पाय काढी ले. ब्रेक एकदा जोरात दाबून वेग पाडला, चौथा, मग तिसरा टाकला, इंजिन ओरडायला लागलं पण गाडी धरली गेली. मग ते म्हणाले, भाऊ, तू गाडी नही चलाई राहिना, माल तुले चलाई राहिना.

पळासनेरच्या अलीकडे रुंद जागा बघून बाजूला घेतली, चाकाखाली गुटके लावले. डाव्या मागच्या ड्रममधून पांढरा धूर येत होता, हात जवळ नेववत नव्हता. मी पाण्याचा कॅन उचलला तर उस्तादांनी हात धरला, पानी नको टाकू, डरम फुटी जाई. तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी पडलं की तडा जातो. दीड तास नुसते बसून राहिलो. याच पळासनेरला २०२३ च्या जुलैत ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात घुसला होता, माणसं गेली होती, आणि आम्ही त्याच उताराच्या पायथ्याशी बसलेलो. माझे पाय सकाळपर्यंत थरथरत होते.

त्या दीड तासात उस्तादांनी जे सांगितलं ते स्कूलला अर्ध्या तासात सांगता आलं असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. गिअर उतार लागायच्या आधी पाडायचा, मधे नाही. ब्रेक सारखा सारखा घासायचा नाही, ड्रम तापला की लायनर (ड्रमला आतून घासणारा पट्टा) पकड सोडतो, आणि सारखं पंपिंग केलं की टाकीतली हवा संपते. आणि न्यूट्रल कधीच नाही. न्यूट्रलबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण पैशाची गोष्ट आहे. बरेच ड्रायव्हर ॲव्हरेज काढायला उतारावर न्यूट्रल मारतात आणि नवीन पोरांनाही तेच शिकवतात. आत्ताच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलेटरवर पाय नसेल तर उतारावर डिझेल बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचत काहीच नाही. मी चिंगूस माणूस आहे, वाचत असतं तर सांगितलं असतं.

गुरुवारी स्कूलला गेलो. वही टेबलावर ठेवली आणि राहिलेले १० तास २० मिनिटं मागितले, घाटातले, नाहीतर ७६७ ने होतात ते ७,९०० परत. मालक म्हणाला लायसन मिळालं ना, मग आता काय. मग रजिस्टर काढलं. मग बऱ्याच वेळाने २,००० देतो म्हणाला. मी घेतले नाहीत, घेतले असते तर प्रकरण मिटलं असतं आणि पुढच्या पोरांचंही तेच झालं असतं. वहीच्या झेरॉक्ससकट लेखी तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे.

बाकी धंद्याबद्दल थोडक्यात. आता मला महिन्याला १९,००० आणि रस्त्यावर असलो की दिवसाला ५०० खुराकी मिळते. मे महिन्यात भुसावळकडे ४५ डिग्रीत केबिन म्हणजे भट्टी, १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे पण आमची गाडी २०२२ ची. झोप मोडते, पाठ दुखते, मुलीच्या शाळेचं गॅदरिंग हुकलं. तरी कारखान्यात परत जाशील का विचारलं तर नाही. दिल्लीच्या आझादपूर मंडीत केळी वेळेवर उतरली, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) सही झाली की जे समाधान मिळतं ते मला ११ वर्षांत मिळालं नव्हतं. हेवी लायसन काढा, नक्की काढा. फॉर्म १५ रोजच्या रोज मागा, जेवढं चालवलं तेवढ्यावरच सही करा, आणि फी भरायच्या आधी विचारा की घाट दाखवणार का.

माझा मावसभाऊ सोमवारपासून धुळ्याला दुसऱ्या एका स्कूलला जातोय. त्याला २० रुपयांची वही घेऊन दिली आहे. काल रात्री त्याचा फोन आला, चार दिवसांत १ तास ५५ मिनिटं, रजिस्टरवर चारच सह्या, आणि शिकवणारा म्हणाला की रविवारी लळिंग घाटात नेतो.