फिटलेल्या फ्रिजच्या कर्जाची वसुली

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता. घट मांडून झाला होता, कलशावर नारळ ठेवत होते, तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात सकाळचे ७ वाजून १० मिनिटं झाली होती. बाई हिंदीत बोलत होती. माझं पूर्ण नाव, पॅन नंबरातले चार आकडे, फ्रिज, २०१९ साल, ज्या वित्तकंपनीकडून हप्ते पाडून घेतले होते तिचं नाव, सगळं तिने एका दमात बरोबर सांगितलं. मग म्हणाली, "आपका लोन अकाउंट एनपीए हो गया है, आज शाम तक पेमेंट नहीं आया तो टीम घर पे आयेगी।" एनपीए म्हणजे बरेच दिवस हप्ते थकलेलं खातं.

मी कोपरखैरणेला राहते आणि वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिते. सासरे माथाडी होते, त्यांच्यामुळे आमचं सगळं घर याच बाजारावर उभं राहिलं. शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणं हे माझं रोजचं काम. गोणी किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती, हे कागदावर आल्याशिवाय गाळ्यावरून एक रुपया हलत नाही. तरीसुद्धा मी पाच दिवसांत ₹१७,४९९ अनोळखी माणसांना देऊन बसले. कसे दिले ते सगळं सांगते, कारण हेच फोन आता आमच्या मार्केटमधल्या आणखी दोघींना आले आहेत.

फ्रिज आम्ही २०१९च्या दसऱ्याला वाशीतून घेतला होता. कर्ज ₹२४,०००चं, हप्ते बारा. सहा हप्ते गेले आणि लॉकडाऊन लागला. रिझर्व्ह बँकेने तेव्हा मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, मोरेटोरियम म्हणत तिला. आमच्या ह्यांचा टेम्पो दारात उभा होता, म्हणून आम्हीही ती घेतली. नंतर राहिलेले हप्ते भरले आणि २०२१च्या सुरुवातीला कर्ज संपलं. पण कर्ज फिटल्याचा दाखला, ज्याला एनओसी म्हणतात, तो मी कधी मागितला नाही. हप्ता कापला जायचा थांबला म्हणजे संपलं, एवढंच मनात धरलं.

फोनवरच्या बाईने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "मोरेटोरियम का ब्याज आपने भरा ही नहीं।" त्या व्याजावर व्याज आणि दंड धरून म्हणे ₹३८,६४० झाले होते. सवलतीच्या काळातलं व्याज माफ नव्हतं, हे मला माहीत होतं. ते मी सगळं भरलं का, हे मात्र छातीठोक सांगता येईना. मी कर्जच घेतलं नसतं तर फोन आपटला असता. घेतलं होतं आणि हातात कागद नव्हता, म्हणून माझा आवाज खाली आला, आणि तो खाली आल्याचं पलीकडच्या बाईला लगेच कळलं.

त्या एका दिवसात ३१ फोन आले. दरवेळी नंबर वेगळा. एक ब्लॉक करावा तर दुसऱ्यावरून सुरू. दुपारी घणसोलीहून नणदेच्या यजमानांचा फोन आला, "वहिनी, काही अडचण आहे का? कोणीतरी तुमच्या कर्जाबद्दल विचारत होतं." मग साताऱ्याकडच्या पाटणहून माहेरच्या वहिनीचा. मग सोसायटीच्या सेक्रेटरींचा. चारच्या सुमारास आमच्या शेठनी गल्ल्यावरूनच हाक मारली आणि आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांनाही त्याच लोकांचा मेसेज आला होता. शेठ एका शब्दानेही वाईट बोलले नाहीत. पण मी त्यांच्याकडे अकरा वर्षं पैशाचं काम करते. त्यांना माझ्याबद्दल असा मेसेज यावा, या विचाराने मला बसल्या जागी घाम फुटला.

संध्याकाळी आरतीच्या वेळी आलेला फोन मराठी होता. हिंदीत धमकावणाऱ्यांना मी एकही पैसा दिला नव्हता. या मराठी बोलणाऱ्याला दिला.

"ताई, नमस्कार. मी ॲडव्होकेट बोलतोय. तुमची फाइल माझ्याकडे आलीय. मीपण साताऱ्याकडचाच. त्या रिकव्हरीच्या पोरांकडे लक्ष देऊ नका, त्यांना बोलायची रीत नाही. उद्या नोटीस निघाली तर घरी पोलीस येतील, शेजारीपाजारी बघतील. माझी बहीण असती तर मी तिलाही हेच सांगितलं असतं, आत्ताच मिटवून टाका." दिवसभर शिव्या ऐकलेल्या माणसाला असा आवाज ऐकला की रडू येतं. मलाही आलं. ₹४,९९९मध्ये 'सेटलमेंट' करून देतो म्हणाला आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला.

तो स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याच्या जागी जे नाव उमटलं ते एका जनरल स्टोअर्सचं होतं. मी पाहिलं, विचारलंही. "ताई, ते आमचे कलेक्शन पार्टनर आहेत, कंपनीचा सर्व्हर डाऊन आहे," तो म्हणाला. मी पिन टाकला. वित्तकंपनीच्या कर्जाचे पैसे किराणा दुकानाच्या खात्यात कसे जातील, हे गाळ्यावर दुसऱ्या कोणी मला विचारलं असतं तर मी त्याला तिथेच थांबवलं असतं.

शनिवारी नोटीस आली, तीही व्हॉट्सॲपवरच. वर अशोकस्तंभ, खाली निळा गोल शिक्का, आणि मथळा 'मुंबई हायकोर्ट, नवी मुंबई शाखा'. सेटलमेंटची नोंद करायची तर 'कोर्ट डिपॉझिट' म्हणून ₹१२,५०० भरा, ४८ तासांत परत मिळतील, नाहीतर अटक वॉरंट. उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला आणि गोव्यात आहेत, आणि २०२५च्या ऑगस्टपासून कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आहे. कोल्हापूरचं झालं तेव्हा आमच्या गावाकडे पेढे वाटले होते, इतकं ते मला ठाऊक. नवी मुंबईत अशी शाखा नाहीच. पण त्या क्षणी माझे डोळे फक्त 'वॉरंट' या शब्दावर होते. सोमवारी भिशीचे पैसे हातात आले होते, त्यातले ₹१२,५०० मी त्याच दुकानाच्या नावावर टाकले. घरात कोणाला सांगितलं नाही. हे लासलगावला गेले होते. सासूबाईंना या वयात त्रास नको म्हणून त्यांच्यापासून लपवलं, आणि मी लपवत होते म्हणूनच त्या लोकांचं फावलं.

मंगळवारी ₹२१,००० मागितले. मी नाही म्हटल्यावर अर्ध्या तासात माझ्या व्हॉट्सॲपवरचा फोटो घेऊन त्यावर लाल अक्षरात 'लोन चोर' असं लिहिलेलं चित्र नातेवाइकांना गेलं. तो फोटो धाकट्या जावेच्या लग्नातला होता, नऊवारीतला. ते चित्र पाहिलं तेव्हा मी गाळ्याच्या मागे गोण्यांना टेकून खाली बसले. काही महिन्यांपूर्वी बातम्यांत अशा छळापायी जीव दिलेल्यांबद्दल वाचलं होतं. ते लोक कुठल्या अवस्थेला पोचले असतील, हे मला तिथे कळलं.

ते चित्र माझ्या पुतण्यालाही गेलं होतं. तो ऐरोलीला नोकरी करतो. कामावरून थेट घरी आला आणि रागावला नाही. "काकू, आधी कर्ज बाकी आहे का ते बघू," म्हणाला. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था आपल्या कर्जांची नोंद ठेवतात, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्याने एका संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून माझा अहवाल काढला. त्यात फ्रिजचं कर्ज होतं. खातं बंद. बाकी शून्य. बंद झाल्याचा महिना फेब्रुवारी २०२१.

मग त्याने विचारलं, "काकू, इतक्यात कुठलं लोनचं ॲप टाकलं होतंस का?" दिवाळीआधी टाकलं होतं. टेम्पोच्या इंजिनाचं काम निघालं होतं, म्हणून किती कर्ज मिळेल ते नुसतं पाहायला. पॅन दिलं, ओटीपी दिला, कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तिथे 'अलाऊ' दाबलं. व्याज पाहून कर्ज घेतलं नाही आणि ॲप काढून टाकलं. तोवर माझ्या फोनमधली सगळी नाती आणि माझा कर्जाचा अहवाल दोन्ही त्यांच्या हाती गेलं होतं. ज्या अहवालावरून त्यांना फ्रिज कळला, त्याच अहवालात खात्यापुढे शून्य लिहिलेलं होतं. म्हणजे मी एक पैसाही देणं लागत नाही, हे माझ्याआधी त्यांना माहीत होतं. मला सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीचा आला.

कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग किंवा फोटोंना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२मध्येच बजावलं आहे. जे ॲप ती परवानगी मागतं, त्याला तिथेच बंद करा. अधिकृत कर्ज-ॲपची यादी आता रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे, त्यात नाव शोधायला दोन मिनिटं लागतात.

त्याच रात्री आम्ही १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. दोन्ही व्यवहारांचे यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर प्रत्येक व्यवहाराला मिळतो तो क्रमांक), तारीख, वेळ आणि रक्कम विचारली. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट छापून पोलीस ठाण्यात दिले. तिथल्या मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. एकच गोष्ट त्या हळहळून म्हणाल्या, पैसे गेले त्याच तासा-दोन तासांत १९३० लावला असता तर रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आली असती. पहिले पैसे गेले ते गेलेच. दुसऱ्यातले ₹३,२०० कुठल्याशा खात्यात गोठवले आहेत, ते मिळायचे आहेत. धमकी देऊन पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८मध्ये येतं, नुसती धमकी ३५१मध्ये. ही कलमं मी पाठच केली आहेत, फोनवर सांगायला उपयोगी पडतात.

आणि हप्ता थकला म्हणून पोलीस अटक करायला येत नाहीत. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. खरा वसुलीवालासुद्धा सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करू शकत नाही, नातेवाइकांना त्रास देऊ शकत नाही, चारचौघांत अपमान करू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२चा तसा आदेश आहे. मला पहिला फोन ७ वाजून १० मिनिटांनी आला होता. एवढा एक नियम ठाऊक असता तरी मी सावध झाले असते. तुमचं कर्ज खरंच थकलेलं असेल आणि खरीच कंपनी असं वागत असेल, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी १४४४८ वर माहिती मिळते.

फोन थांबायला मात्र तक्रारीइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा उपयोग झाला. पुतण्याने लिहून दिलेला मेसेज मी माझ्या फोनमधल्या सगळ्यांना पाठवला: "माझ्या नावाने कर्जवसुलीचे फोन किंवा माझा फोटो आला तर तो खोटा आहे. माझं कोणतंही कर्ज बाकी नाही. पोलिसांत तक्रार केली आहे. बोलू नका, पैसे देऊ नका, नंबरचा स्क्रीनशॉट मला पाठवा." पाठवताना माझा हात थरथरत होता. तासाभरात चौदा जणांचे स्क्रीनशॉट आले, आणि तिघींनी लिहिलं की आम्हालाही असे फोन येऊन गेलेत, आम्ही कोणाला बोललो नव्हतो. त्यातल्या एकीने ₹४०,००० भरले होते. तिच्या नवऱ्याला अजूनही माहीत नाही. तिला घेऊन मी उद्या पोलीस ठाण्यात जाणार आहे.

आता फोन आला की मी एवढंच म्हणते, "कर्ज खात्याचा नंबर, तुमचं ओळखपत्र आणि कंपनीने तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र पाठवा. बाकी असेल तर मी शाखेत जाऊन पावती घेऊन भरेन." अजून एकानेही कागद पाठवलेला नाही. वित्तकंपनीच्या शाखेत जाऊन एनओसीही घेतली. अर्ज दिला आणि आठवड्यात मिळाली, पैसे लागले नाहीत. पाच वर्षांपूर्वीच जायला हवं होतं. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ती आता जपून ठेवली आहे.

परवा रात्री नऊला पुन्हा फोन वाजला. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, म्हणून सासूबाईंनी उचलला. त्यांना आता सगळं सांगितलेलं आहे. पलीकडून कोणी काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आधी तुझं नाव सांग, गाव सांग, मग पैशाचं बोल." थोडा वेळ थांबल्या, आणि फोन माझ्याकडे देत म्हणाल्या, "ठेवला त्यानं."