पॉलीकार्बोनेट सांगून अ‍ॅक्रेलिक गळ्यात मारतात, बिलावरचा कोड वाचा

जुन्या गाड्या हलक्या करायला घेतलेल्यांनी हे वाचावं. गाडीच्या काचांऐवजी बसवायच्या प्लॅस्टिक शीटचा माल ज्याने मला दिला तोच विक्रेता आता रत्नागिरी-चिपळूणच्या पोरांना कोटेशनं पाठवतोय असं कळलं. तक्रार चालू आहे, म्हणून नाव देत नाही.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. इंजिन जेमतेम चाळीस हॉर्सपॉवरचं, त्याच्याकडून आणखी ताकद काढण्यापेक्षा वजन उतरवणं स्वस्त पडतं. मागचं सीट, कार्पेट, दारांचे पॅड निघाले आणि मग काचांची पाळी आली. ४ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला १० किलो भरते, तेवढ्याच जाडीचं पॉलीकार्बोनेट, म्हणजे न फुटता वाकणारं पारदर्शक प्लॅस्टिक, ४.८ किलो. अ‍ॅक्रेलिक दिसायला तसंच, पण ठिसूळ. शिवाय हे वजन गाडीच्या वरच्या अंगाचं, त्यामुळे ते उतरलं की वळणात गाडी कमी झुकते. माझी गाडी मैदानातल्या ऑटोक्रॉस शर्यतीसाठी आहे, तिथवर ती टेम्पोतूनच जाते. रस्त्यावर चालवणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे काचेवर मानकाचा शिक्का लागतो, पुढून-मागून ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आरपार जावा लागतो. बाजारातल्या साध्या शीटवर असला शिक्का नसतो.

विक्रेता कुडाळला आमच्या गॅरेजवर स्वतः आला होता. सोबत वहीच्या पानाएवढा नमुना. जमिनीवर टाकून म्हणाला, "साहेब, हातोडा तुमच्याच हाताने मारा." मारला. नमुन्याला नुसता खळगा पडला. मग त्याने तो हाताने जवळजवळ दुमडून दाखवला. तो नमुना खराच पॉलीकार्बोनेटचा होता, आणि सगळी मेख तिथेच आहे. नमुना तो परत घेऊन गेला. "दोन्ही बाजूंनी यूव्ही आणि हार्ड कोट (ऊन आणि ओरखडे अडवणारे थर), समोरची काचपण करून देतो," असंही सांगत होता. समोरच्या काचेला मी हात लावू दिला नाही. तिथे वायपर फिरतो आणि दगड येतात. मूळची लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून राहते, प्लॅस्टिकवर वायपरचे ओरखडे उठतात. हलक्या गाडीच्या नादात समोरची काच काढा म्हणणाऱ्याचा संशयच घ्यावा.

आगाऊ रक्कम गेली, काचांच्या मापाचे टेम्प्लेट गेले. माल आला तो आकारात कापलेला, दोन्ही बाजूंना तपकिरी कागद चिकटवलेला. कातरणीचा एकही तुकडा सोबत नव्हता. विचारलं तर म्हणे कारखान्यातच राहिले.

पद्मिनीची मागची काच किंचित वळलेली असते. पॉलीकार्बोनेट असल्या वळणात थंडच दाबून बसवता येतं. मिस्त्रीने एक कडा फ्रेममध्ये अडकवली, दुसऱ्या कडेवर तळहात ठेवून हळूच जोर दिला आणि सुपारी फुटावी तसा कट्ट आवाज झाला. तडा वरच्या कोपऱ्यातून निघून तिरका खालपर्यंत गेला. सुटलेल्या तुकड्याची धार इतकी, की डिकीच्या नव्या रंगावर ओरखडा उमटला. मिस्त्री तुकडा उजेडात धरून म्हणाला, "ह्यां पॉली न्हय हां. पॉली वाकता, असा फुटणा नाय."

विक्रेत्याला फोन केला तर तयार उत्तर: "तुमच्या मिस्त्रीने भोकं लहान पाडली असणार." हे कारण ऐकायला खरं वाटतं, कारण प्लॅस्टिक काचेच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. मीटरभर लांबीचं पॉलीकार्बोनेट ४० अंशांच्या फरकाला साधारण अडीच मिलिमीटर वाढतं, भोकं मोठीच ठेवावी लागतात. फक्त त्या तुकड्याला अजून एकही भोक पाडलेलं नव्हतं.

मग आम्ही घरीच तपासलं. वजनावरून दोन्ही ओळखता येत नाहीत, घनता जवळजवळ सारखीच. फुटलेल्यातला पट्टा पक्कडीत धरून पेटवला (अंगणात, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभं राहून). ज्योत काढून घेतली तरी तो जळतच राहिला आणि गोडसर फळासारखा वास आला. हे अ‍ॅक्रेलिकचं लक्षण. पॉलीकार्बोनेट काजळी धरतं आणि ज्योत काढली की विझतं. जाळायचं नसेल तर लॅपटॉपचा पांढरा पडदा लावा, त्याच्यासमोर शीट धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. पॉलीकार्बोनेटवर बहुधा रंगीत पट्टे दिसतात. आमच्या तुकड्यावर काहीच नव्हतं. तपकिरी कागदही बहुतेक अ‍ॅक्रेलिकवरच येतो. पॉलीकार्बोनेटवर सहसा प्लॅस्टिक फिल्म असते आणि यूव्हीची बाजू कोणती ते तिच्यावर छापलेलं असतं.

सगळ्यात पक्का पुरावा मात्र बिलातच होता. मालाच्या रकान्यात मोघम "ट्रान्सपरंट शीट" आणि शेजारी एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, ३९२०५१. हा अ‍ॅक्रेलिकचा. पॉलीकार्बोनेटचा ३९२०६१. मालकाने थाप मारली, पण त्याच्या अकाउंटंटने प्रामाणिकपणे खरा कोड टाकला होता! काही बिलांवर नुसता ३९२० असतो. तेव्हा पैसे देण्याआधी मालाचं नाव "पॉलीकार्बोनेट" असं बिलावर लिहून मागा, नमुना स्वतःकडे ठेवा आणि त्याच शीटची कातरण मागा. कातरण पकडीत धरून वाकवायला दोन मिनिटं लागतात.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो, म्हणजे विक्रेत्याच्या शहरात खेटे घालायला नकोत. फुटके तुकडे, कागद, बिल, चॅट सगळं जपून ठेवलंय. मागे तूर्त मूळ काच परत बसवली. दारांसाठी दुसरीकडून अख्खी शीट फिल्मसकट आणून मिस्त्रीनेच इथे कापली. एक सांगून ठेवतो: आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी भरपूर पाणी मारा. अमोनियाचं ग्लास क्लीनर आणि पेट्रोल तर पॉलीकार्बोनेटच्या जवळपासही नको.

काल विक्रेत्याचा मेसेज आला: दोन्ही शीटच्या किमतीतला फरक देतो, तक्रार मागे घ्या. पूर्ण रक्कम आणि वाहतुकीचा खर्च खात्यात आल्याशिवाय मागे घेणार नाही, असं कळवलंय.